500 वॉटचे स्पीकर आणि 10 अँपिअरचा फ्यूज

मागच्या अंकात गाडीतल्या टेपबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या तर पत्रांचा ढीगच पडला. गाडीतल्या स्टिरिओला टेपच म्हणतो मी, कॅसेट जाऊन जमाना झाला तरी दुकानात गिऱ्हाईक अजून "टेप बसवायचाय" असंच म्हणतं. बरेच प्रश्न सारखे होते, म्हणून काही निवडून घेतलेत.

सेकंडहँड वॅगनार घेतलीय, 2016 ची, बेस मॉडेल असल्यामुळे टेपच नाही, दारात नुसत्या जाळ्या. दुकानदार म्हणतो 9 इंची अँड्रॉइड घ्या, 4 जीबी रॅम, 11 हजार, आणि 500 वॉटचे चार स्पीकर 5 हजारात, फिटिंग फ्री. बजेट 20 पर्यंत आहे. घेऊन टाकू का?
— एक वाचक, कराड

थांबा जरा. आधी तो 500 चा आकडा बघू.

कुठल्याही टेपच्या मागे पिवळ्या वायरीजवळ नाहीतर बॉडीवरच एक छोटा फ्यूज असतो, बहुतेक वेळा 10 नाहीतर 15 अँपिअरचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. 10 गुणिले 14.4 म्हणजे 144 वॉट, आणि एवढ्यातच स्क्रीन, ब्लूटूथ, रेडिओ आणि चारही स्पीकर चालवायचे, वर त्यातला बराच भाग नुसती उष्णता होऊन जातो. मग खोक्यावर "50 गुणिले 4" कसं लिहितात? तर 14.4 चा वर्ग करा आणि स्पीकरच्या 4 ओहमने भागा, जवळपास 52 येतात. पण हे कधी, जेव्हा आवाज इतका पिळलाय की गाण्याची लाट चौकोनी झालीय आणि कानाला नुसतं फाटल्यासारखं ऐकू येतंय तेव्हा. स्वच्छ आवाजात असा टेप एका स्पीकरला 18-20 वॉट देतो, बस. खोक्यावर बारीक अक्षरात आरएमएस (म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट) म्हणून आकडा असतो तो वाचा, मोठ्या अक्षरातला सोडून द्या.

म्हणजे 500 वॉटचा स्पीकर आणलात तरी त्याला जेवायला मिळणार 20 वॉटच. अशा वेळी वॉट बघण्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा, डीबीमधे (डेसिबल) लिहिलेली असते. 87 डीबीचा स्पीकर जेवढा आवाज करतो तेवढाच आवाज 90 डीबीवाला निम्म्या वॉटमधे करतो. टेपवरच चालवायचे असतील तर 90 च्या पुढचे घ्या.

आता पैसे कुठे घालायचे. माझं मत विचाराल तर मागच्या दोन स्पीकरांवर सध्या एक रुपया पण घालू नका. तुम्ही पुढे बसता, गाणं समोरून आलं पाहिजे, मानेमागून नाही. पुढच्या दोन दारांमधे चांगल्या कंपनीचे कोअॅक्सियल (ट्विटर मधेच बसवलेला) नाहीतर कंपोनंट टाका, आणि दाराचं भोक आधी मोजून घ्या, दुकानदाराच्या "बसतंय हो साहेब" वर जाऊ नका. कंपोनंट म्हणजे ट्विटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) वेगळा, तो वर आरशाजवळ बसतो त्यामुळे गायकाचा आवाज गुडघ्यातून न येता समोरून येतो. 20 पैकी निम्मे पैसे तरी ह्या दोन दारांत, त्यांच्या डॅम्पिंगमधे (पत्रा वाजू नये म्हणून आतून लावायची शीट) आणि फिटिंगमधे जाऊ दे. उरलेल्यात स्क्रीन नसलेला पण नावाजलेल्या कंपनीचा साधा ब्लूटूथ टेप घ्या, मॅप बघायला फोन आणि एक होल्डर पुरतो.

स्क्रीन हवीच असेल (घरातली मुलं ऐकत नाहीत हे मला माहितीय) तर स्वस्त अँड्रॉइडमधे सेटिंगमधे दिसणारी रॅम खरी असेलच असं नाही, तो आकडा बदलून दाखवता येतो. दुकानातच मॅप लावा, मागे गाणं चालू ठेवा, त्यातच रिव्हर्स टाकून कॅमेरा किती सेकंदात येतो बघा, आणि हे सगळं दुपारी उन्हात करा. तिथे अडखळला तर घाटात काय करेल.

आणि "फिटिंग फ्री" ह्या शब्दाला घाबरा. मी स्वतः एकदा अशी फ्री फिटिंग करून घेतली होती, गाणी वाजायची पण बेस म्हणून नाहीच, मी स्पीकरला शिव्या घातल्या, जवळपास वर्षभराने दुसरे आणले, तरी तेच. शेवटी एकाने डाव्या दाराची वायर काढून तिला साधा पेन्सिल सेल टेकवला तर स्पीकर बाहेर यायच्या ऐवजी आत गेला! प्लस मायनस उलटं. एक स्पीकर हवा ढकलतोय आणि दुसरा ओढतोय म्हटल्यावर बेस राहणार कुठून. दोन मिनिटांचं काम होतं आणि आधीचे चांगले स्पीकर मी भाच्याला देऊन बसलो होतो. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर लावला की कोन बाहेर आला पाहिजे, ही तपासणी फिटरकडून समोर उभं राहून करून घ्या.

दोन वर्षांपूर्वी स्पीकर बदलले, पहिल्याच पावसाळ्यात ड्रायव्हरकडचा फरफरायला लागला आणि आता बंदच. दुकानदार म्हणतो कोकणातल्या पावसाला कोण काय करणार.
— एक वाचक, रत्नागिरी

पावसाचा दोष नाही हो, दार उघडणाऱ्याचा आहे. काच आणि रबराच्या फटीतून पाणी प्रत्येक दारात उतरतं, उतरायलाच हवं, खाली त्याला बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात. आतल्या बाजूला काळ्या चिकट गोंदाने एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो तो पाणी आणि आतला भाग वेगळा ठेवतो. फिटर स्पीकर बसवताना तो पडदा टरकन फाडतात आणि परत लावतच नाहीत, मग काचेवरून आलेला थेंब सरळ स्पीकरच्या मागच्या चुंबकावर.

दार उघडून तो पडदा शाबूत आहे का बघा, नसेल तर नवीन जाड प्लॅस्टिक ब्यूटिलच्या (चिकट रबराच्या) पट्टीने चिकटवून घ्या. नवीन स्पीकर घेताना कागदी कोनचा नको, पॉलीप्रॉपिलीनचा घ्या. आणि डॅम्पिंग शीट लावली असेल तर दाराखालची भोकं बुजलेली नाहीत ना हे बोट घालून बघा. बुजली असली तर दारात अक्षरशः तळं साचतं, वळणावर डुबुक डुबुक ऐकू येतं. मग स्पीकरच्या आधी दारच गंजतं.

नवीन गाडी आहे, कंपनीचीच टचस्क्रीन आहे, ती काढायची नाही कारण वॉरंटी. पण आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. काही करता येईल?
— एक वाचिका, पिंपरी

करता येतं, आणि स्क्रीन काढायचा विचार नाही हे फार बरं केलंत, आजकाल स्टिअरिंगवरची बटणं, एसी, कॅमेरा सगळं त्यातच गुंतलेलं असतं.

पत्र्याचा आवाज येतो कारण पत्राच वाजतो. दारावर बाहेरून बोटाने टकटक करा, टणटण आलं तर आतून डॅम्पिंग हवं. बाहेरच्या पत्र्याला आतून शीट लावतात, सगळा पत्रा झाकायची गरज नाही, मधला मोठा मोकळा भाग झाकला तरी फरक पडतो. फक्त शीट ब्यूटिलची आहे ना हे बघा, बाजारात डांबराची शीट वर चांदी लावून त्याच नावाने खपवतात, नाकाशी धरली की रस्त्याच्या कामाचा वास येतो. ती एप्रिल-मेच्या उन्हात वितळून खाली येते.

मग पुढचे स्पीकर बदला, पण गाडीची एकही वायर कापू द्यायची नाही. गाडीच्या कपलरमधे (वायरी जोडायच्या प्लगमधे) बसणारा अॅडाप्टर मिळतो तो आणायला सांगा, वायर कापून चिकटपट्टी मारली की सर्व्हिस सेंटरवाल्याला इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं. काढलेले स्पीकर, स्क्रू सगळं खोक्यात घालून घरी ठेवा, गाडी विकताना लागतं. अजून एक गोष्ट, जुना स्पीकर काढला की मल्टिमीटरने ओहम मोजा, 3.2 ते 3.8 च्या आसपास आलं तर तो 4 ओहमचा, नेहमीचा स्पीकर चालेल. दीड-पावणेदोनच आलं तर 2 ओहमचा आहे, तिथे 4 चा टाकला तर आवाज कमीच होईल आणि तुम्ही म्हणाल पैसे घालून वाईट केलं.

एवढं करूनही व्हॉल्यूम वाढवला की बेस पातळ होत असेल तर बऱ्याचदा ती स्क्रीनच मुद्दाम बेस कापत असते, छोट्या स्पीकरना वाचवायला. तेव्हा मग छोटा चार चॅनलचा अँप (आवाजाची ताकद वाढवणारा अँप्लिफायर), हाय लेव्हल इनपुटवाला, जो स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेतो. पण ती दुसरी पायरी, आधी दारं करून महिनाभर ऐका.

अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की स्टार्टच होत नाही. नवीन बॅटरी टाकली तरी तेच. शिवाय अॅक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून कुईईई.
— एक वाचक, नाशिक

बॅटरीवाल्याने तुम्हाला उगीच खर्चात पाडलं. स्टिरिओला दोन प्लसच्या वायरी असतात, पिवळी कायम चालू (घड्याळ, सेटिंग लक्षात ठेवायला) आणि लाल जी चावी फिरवल्यावरच चालू व्हायला हवी. चावीवाली वायर सापडली नाही की काही महाभाग लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकतात, टेप चालतो, गिऱ्हाईक खूश, पण सेट रात्रभर जागाच. गाडी लॉक करून वीस मिनिटांनी बॅटरीच्या मायनसमधे अँपिअर मीटर लावा (मीटर लागलेला असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज जाईल). 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. 500 दिसले तर हिशोब करा, दिवसाला 12 एएच (अँपिअर-तास), लहान गाडीची बॅटरी 35 एएचची, दोन दिवसात 24 गेले, तिसऱ्या दिवशी धक्का. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर आकडा धाडकन खाली आला की चोर सापडला. वायरिंग बरोबर असूनही आकडा जास्त असेल तर सेटिंगमधे स्लीप मोड असतो तो बंद करा, उघडायला अर्धा मिनिट जास्त लागेल पण गाडी तरी सुरू होईल.

कुईईई म्हणजे अल्टरनेटर. स्टिरिओची काळी (अर्थिंगची) वायर प्लॅस्टिकच्या जवळपास कुठल्यातरी रंगवलेल्या स्क्रूला लावलेली असेल, रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला घट्ट लावा. अँप असेल तर आरसीए वायर (स्टिरिओकडून अँपकडे सिग्नल नेणारी) आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूने नेलीय का बघा, नेली असेल तर एक डावीकडून एक उजवीकडून करा.

12 इंची वुफर टाकायचाय. बायको म्हणते डिकीत डब्बा ठेवला तर सामान माझ्या मांडीवर ठेवू का?
— एक वाचक, कोल्हापूर

वहिनींचं बरोबर आहे.

सीटखाली बसणारा 8 इंची अॅक्टिव्ह वुफर घ्या, अँप त्यातच असतो. छाती हलणार नाही पण तबल्याचा डग्गा आणि ढोलकी नीट कळेल. त्यालाही वायर मात्र बॅटरीवरूनच ओढावी लागते आणि इथे कंजुषी नको, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजेच, कारण ती वायर इंजिनमागच्या पत्र्यातून आत येते, तिथे रबरी बूच नसेल तर पत्र्याच्या धारेवर घासून सोलते, आणि फ्यूज नसेल तर पुढचं सांगायला नको. वायर घेताना टोक ब्लेडने खरवडा, आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, ते तेवढ्याच जाडीत कमी करंट नेतं. आणि अँपवरचा गेनचा स्क्रू व्हॉल्यूमसाठी नसतो, तो पूर्ण फिरवून कोल्हापूरभर फिरू नका.

वडील 74 वर्षांचे, अजून स्वतः गाडी चालवतात. त्यांना टच नको, गोल बटण हवं, अभंग आणि आकाशवाणी ऐकतात. अमेरिकेतल्या भावाने तिकडून एक छान सिंगल डिन टेप पाठवलाय पण त्यावर मुंबई केंद्रच लागत नाही. खराब आहे का?
— एक वाचिका, डोंबिवली

खराब नाही ताई, तो अजून अमेरिकेतच आहे! तिकडे मीडियम वेव्हची स्टेशनं 10-10 किलोहर्ट्झवर असतात, आपल्याकडे 9-9 वर. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी 558 वर, अमेरिकन सेट 550 वरून 560 वर उडी मारतो, 558 वर थांबतच नाही. एफएमचंही तसंच, तिकडे फक्त विषम दशांशावर थांबतो, म्हणजे शेवटी .8 किंवा .4 असलेली स्टेशनं गायब. बहुतेक सेटमधे मेनूमधे एरिया किंवा ट्यूनर स्टेप म्हणून सेटिंग असतं, काहींमधे सेट बंद असतानाच ते दिसतं, ते युरोप नाहीतर आशिया करा आणि स्टेशनं परत शोधायला लावा. अँटेनाचा प्लग नीट आत गेलाय का ते पण बघा, आणि निळी (अँटेनाला वीज देणारी) वायर मोकळी सोडली असेल तर ज्या गाड्यांच्या अँटेनात बूस्टर असतो तिथे रेडिओ खरखरतो.

सिंगल डिन 180 बाय 50 मिलिमीटरचा असतो, गाडीत डबलची 100 ची जागा असेल तर खाली खण असलेली फ्रेम मिळते, चष्मा ठेवायला होईल. अभंगांसाठी पेनड्राइव्ह एफएटी32 मधे फॉरमॅट करा, एका गायकाचा एक फोल्डर, आणि फोल्डरच्या नावापुढे 01, 02 असे आकडे इंग्रजीत टाका कारण बऱ्याच साध्या टेपवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. बाबांना एवढंच सांगायचं, तीनवर पंडितजी, चारवर बातम्या नाहीत, बातम्यांना रेडिओचं बटण.