वाचक विचारतात: नवा बांधलेला जुना किल्ला पाहायला जावं का?

प्रश्न: ताई नमस्कार. आमी दारव्हा तालुक्यातले, घरी कापूस-तुरीची शेती. पोरगा कॅनडात थंडर बे ले शिकाले गेला अन् तिथंच नोकरीले लागला, आता येत्या जुलैत मले अन् त्याच्या मायले बोलावून राहिला. तो म्हणते का इथं फोर्ट विल्यम म्हणून फरच्या व्यापाराचा जुना किल्ला हाय, तुमाले दाखवतो. मी मोबाइलवर पायलं तं तो सारा नवाच बांधेल हाय, लाकडाचा, अन् आत लोकं जुने कपडे घालून काम करतात. आमी गाविलगड पायला, नरनाळा पायला, खरे बुरूज पायले, मंग तिकीट काढून हे कायले पाहाचं? दुसरं म्हणजे तिथं जनावराच्या कातड्याचा धंदा होता म्हणते, आमच्या घरची मंडळी माळकरी, तिले ते पाहवंन का? इंग्रजी आमाले येत नाही. जावं का नाही ते सांगा.
(एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर: काका, जा, आणि काकूंना घेऊनच जा. घाईघाईत तासाभराचं पाहणं ठेवू नका, अख्खा दिवस काढा.

किल्ला नवा आहे हे खरं आहे. मूळ किल्ला कामिनिस्टिक्विया नदीच्या मुखाजवळ होता, त्या जागेवर पुढे रेल्वेचं यार्ड झालं, मग नदीच्या वरच्या अंगाला साधारण १४ किलोमीटरवर तो परत उभा केला आणि १९७३ मध्ये लोकांसाठी उघडला. चाळीसच्या वर इमारती आहेत. पण गाविलगडाच्या मापानं तो मोजू नका, कारण तो लढाईसाठी बांधलेलाच नव्हता. ते गोदाम होतं, बाजार होता, कारखाना होता, लाकडी कुंपण होतं ते माल सांभाळायला. आपला गाविलगड वेलस्लीनं डिसेंबर १८०३ मध्ये घेतला ना, त्याच वर्षी तिकडे फरचा व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीनं ग्रँड पोर्टेजचं मुख्य ठाणं सोडलं, कारण ती जागा अमेरिकेच्या हद्दीत गेली होती, आणि या नदीवर बस्तान हलवलं. फोर्ट विल्यम हे नाव १८०७ चं, कंपनीचे मोठे भागीदार विल्यम मॅकगिलिव्हरे यांच्यावरून पडलेलं.

आणि तुम्ही कापसाच्या पट्ट्यातले, म्हणून मला खात्री आहे की शहरातल्या पर्यटकापेक्षा तुम्हाला तिथलं जास्त उमजेल. दरवर्षी जुलैत दोन्हीकडची माणसं इथं जमायची. पश्चिमेच्या जंगलात हिवाळा काढलेले लोक बीव्हर नावाच्या, पाण्याकाठी राहणाऱ्या जनावराची कातडी घेऊन यायचे, मॉन्ट्रियलकडून मोठ्या होड्यांतून घोंगड्या, भांडी, बंदुका, मणी, कापड असा माल यायचा, इथं अदलाबदल व्हायची अन् बर्फ पडायच्या आत जो तो परतायचा. कातडी दाबून गाठ बांधायचं प्रेस तिथं असतं ते नीट पाहा, जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची गाठ बांधताना पाहिलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. एक गाठ ९० पौंडांची, म्हणजे साधारण ४० किलो, आणि जिथं नदी सोडून पायी जावं लागे तिथं हमाल अशा दोन गाठी एका खेपेला पाठीवर न्यायचा, पट्टा कपाळाला लावून!

हे सगळं कशासाठी, तर युरोपातल्या टोप्यांसाठी. बीव्हरच्या आतल्या बारीक केसांचा नमदा, म्हणजे केस दाबून केलेलं जाड कापड, फार चांगला बसतो, त्याच्या टोप्या व्हायच्या. म्हणजे मागणी लंडनमधल्या फॅशनची, नफा मॉन्ट्रियलच्या भागीदारांचा, आणि जंगलात थंडीत जनावर पकडणारे ओजिब्वे, क्री असे तिथले मूळ लोक. याच धंद्यातल्या हडसन्स बे कंपनीशी नॉर्थ वेस्टची चढाओढ लागली तशी मूळ लोकांत दारू ओतली गेली, कितीतरी भागांत बीव्हर संपत आला, १८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या म्हणजे माल द्यायला दुसरं दारच उरलं नाही, आणि पुढे रेशमी टोप्यांची फॅशन आली तसा बीव्हरचा भाव पडला. भाव कुठं ठरतो आणि माल कोण काढतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, मोठा दिवाणखाना नंतर पाहा, आधी ओजिब्वे लोकांच्या वस्तीचा भाग पाहा. बर्च झाडाची साल स्प्रूसच्या मुळांनी शिवून, डिंकानं सांधे बुजवून होडी करायची ही विद्या त्यांची. शिवण, डिंक, कातडं कमावणं, बर्फावर चालायच्या जाळीच्या चपला विणणं, यातलं बरंचसं काम बायांचं होतं आणि त्याशिवाय हा व्यापार एक हंगामही चालला नसता. काकूंना हे दाखवाच. हे लोक इतिहासात संपलेले नाहीत, फोर्ट विल्यम फर्स्ट नेशन हा त्यांचा समाज आजही थंडर बे ला लागूनच राहतो.

भाषेची काळजी सोडा. लोहार, पिंपं बनवणारा, होडी बांधणारा हे १८१६ च्या आसपासचा काळ धरून खरंच काम करतात, बऱ्याच वेळा बोलतातही त्याच काळातले असल्यासारखे, तेव्हा तुम्ही हात पाहा आणि मुलाकडून प्रश्न विचारून घ्या. हमालाला मजुरी किती? उधारी कोणाच्या वहीत? साहेब काय खायचा अन् होडीवाला काय खायचा? अशा प्रश्नांना ती माणसं खुलतात.

कातड्याचं म्हणाल तर फरच्या गोदामात ती लटकवलेली असतात, हात लावायलाही देतात, काकूंना नको वाटलं तर त्यांनी आत जाऊ नये, शेताकडे बसावं, तिथं गुरं आहेत, भाजीपाला आहे. चुलीवरचं काही चाखायला दिलं तर चरबी आहे का हे आधी विचारा, होडीवाल्यांचं जेवण मका किंवा वाटाणे आणि डुकराची चरबी असंच होतं. डास भरपूर, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चालायचे जोडे हवेत, एखादं स्वेटरही ठेवा, तिथल्या सुपीरियर सरोवराकाठी जुलैतही संध्याकाळी गारठा येतो.

प्रश्न: असं चालतं-बोलतं म्युझियम आपल्या जवळपास पोरांना दाखवता येईल का? सहल जास्तीत जास्त एका दिवसाची निघते.
(एक शिक्षिका, ता. आर्वी)

उत्तर: मॅडम, सेवाग्रामला न्या. तिथलं आदि निवास १९३६ चं, मूळ जागेवरचं, आणि चरखा चालवणारी माणसंही भेटतात, पोरांना नुसतं रांगेत फिरवू नका, सूत काढायला बसवा, तुटलं तर तुटू द्या. आणि गावात लोहाराचा भाता अजून चालू असेल तर एक दिवस शाळा तिकडेच भरवा, फक्त त्या दिवसाची त्याची मजुरी शाळेनं रोख द्यावी अन् पोरांच्या देखत द्यावी.