बोअर मारण्याआधी भूकंपलहरींच्या मशीननं पाणी सापडतं का?

करवीर तालुक्यात दोनशे फूट बोअर मारायचंय, एक जण भूकंपलहरींचं मशीन लावून पाणी दाखवतो म्हणतोय, आणि त्यातूनच पंचगंगेच्या पुराचाही अंदाज मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापूर भागात जमिनीच्या चाचण्यांचं काम करतो, म्हणून लिहितो.

या मशीनला पाणी दिसत नाही. रानात एका ओळीत जिओफोन, म्हणजे जमिनीचा हादरा टिपणारे सेन्सर, रोवायचे, लोखंडी प्लेटवर घण हाणायचा आणि हादरा कुठं किती मिलिसेकंदात पोचला ते बघायचं. सुक्या मातीतून लहर सेकंदाला ३०० ते ६०० मीटर जाते, पाण्यानं भरलेल्या गाळातून साधारण १५००, अखंड काळ्या पाषाणातून ५०००च्या आसपास. नदीकाठच्या गाळात १५०० आलं तर पाणी लागलं म्हणता येतं. माळावर तोच आकडा कोरडा मुरूमही देतो! शेजारून उसाची ट्रॉली गेली की नोंद बिघडते. वाऱ्यानं ऊस हलला तरी जिओफोनला कळतं. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा घण मारून नोंदी एकत्र कराव्या लागतात.

खरी गोम आपल्या दगडात आहे. लाव्हाचे थर एकावर एक, त्यामुळं कठीण पाषाणाखाली परत सच्छिद्र, भेगाळ खडक येतो आणि पाणी बहुधा तिथंच असतं. पण खालचा थर मऊ असेल तर लहर त्यात शिरून आणखी खाली वळते, वर परतत नाही. म्हणजे नेमका हवा तो थर झाकलेला राहतो. विहीर काढायची असेल, तर मुरूम किती आणि पाषाण कुठं लागतो हे या पद्धतीनं छान कळतं. बोअरसाठी मी आधी विजेच्या रोधाची चाचणी करून घेईन, म्हणजे जमिनीत वीज सोडून कुठला थर तिला किती अडवतो ते बघणं.

मशीनवाल्याला एवढंच विचारा: जिओफोनची ओळ किती लांब टाकणार? खोलीच्या चार-पाच पट लागते, म्हणजे दोनशे फुटांना आठशे-हजार फूट. दहा गुंठ्यात ती मावत नाही, आणि तेवढ्या खोलीला नुसता घणही पुरत नाही.

पुराचं म्हणाल, तर ७ फेब्रुवारी २०२१ला उत्तराखंडातल्या चमोलीत कडा कोसळून लोंढा आला, तो भूकंपमापकांनी टिपला होता. तसल्या अचानक लोंढ्यांसाठी हे तंत्र कामाचं. पंचगंगा फुटाफुटानं चढते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. ती पातळी आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत, ते बघत राहा.