आता बरं वाटतंय, मग लिथियम घ्यायचं कशाला?

तुम्ही लिहिलंय की वय २७, महिन्यापूर्वी बायपोलर निघालं (मन कधी फार चढतं, कधी फार उदास होतं, तो आजार), डॉक्टर लिथियम सुरू करा म्हणतात. पण आता बरं वाटतंय, आणि घरचे म्हणतात ही गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं कृषी केंद्र आहे, ६ एकर वावर आहे, आणि लिथियमचं हे माझं ९ वं वर्ष. त्याआधी ३ वर्षं मी तुमचाच प्रश्न घेऊन फिरत होतो.

उदासीचे महिने म्हणजे आजार, हे मला लगेच पटलं. आंघोळीला उठायचं म्हटलं तरी जिवावर यायचं. त्या महिन्यांत औषधांच्या गोदामाची किल्ली बायको स्वतःच्या कमरेला ठेवायची. का, ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. (तुमच्यावर अशी रात्र आली तर घरात कुणाला तरी उठवा, आणि १४४१६ वर फोन करा. टेली-मानस. पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात.)

माझं अडलं ते दुसऱ्या टोकाला. मृग लागला की मी २ तास झोपून ताजातवाना, दुकानात माझ्याच गप्पा, अख्ख्या गावाचं भलं करायच्या योजना. तो मी आजारी? आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच होते की! डॉक्टर नेमके तेच काढून घ्यायला निघालेत असं वाटायचं.

शेवटी पटवलं ते माझ्याच उधारीच्या वहीनं. मे महिन्यातलं अक्षर बारीक, ओळीत. १० जूनपासून ते मोठं होत जातं, मग तिरपं, मग समासात गणितं: २० एकर मक्त्यानं, फवारणीचे ४ पंप, ट्रॅक्टरचा बयाणा. उधारी नेणाऱ्यांची नुसती नावं, पुढे रक्कमच नाही. आणि ऑगस्टपासून कोरी पानं. पोळ्याच्या दिवशीचीसुद्धा नोंद नाही. त्या जूनचे पैसे मी ४ वर्षं फेडले.

त्याआधी एका डॉक्टरांनी मला नुसती उदासीची गोळी दिली होती. चढाच्या दिवसांचं मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. बायपोलरमध्ये तसली गोळी एकटीच दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. मी गेलो. आईनं भगताकडेही नेलं, लिंबू उतरवलं. तिला दोष देत नाही; दवाखाना १८ किलोमीटरवर आणि भगत दोन घरं सोडून.

आता बरे आहात तर गोळी कशाला? आम्ही पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतो, तेव्हा कुठे रोग दिसत असतो? लिथियमचं तसंच, पुढचा चढ आणि पुढची उदासी येऊ नये म्हणून. आणि हा काही नवा प्रयोग नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर, म्हणजे याच चढावर, त्याचा गुण येतो हे छापलं, तेव्हापासून ते वापरात आहे.

‘जन्मभर’ या शब्दाला मीही भ्यायलो होतो. दुसऱ्या डॉक्टर बाई म्हणाल्या, जन्मभराचं आज कबूल करूच नका. मृगापासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापूस वेचून संपेपर्यंत घ्या, मग दोघं बसून हिशोब करू. तेवढं मला जमण्यासारखं होतं. मात्र मधेच आपल्या मनानं सोडायची नाही, एकदम बंद केली की आजार उसळतो, हेही त्यांनी बजावलं.

सुरुवातीला त्रास होतो. तहान, रात्री लघवीला उठणं, आणि हाताला कंप. वजनकाट्यावर बियाणं घालताना दाणे सांडायचे, तर गिऱ्हाईक म्हणे, “काहून बे, सकाळीच घेतली काय?” पहिलं वर्षभर सगळं अळणीही लागलं, खोटं कशाला बोलू. कंप पुढे कमी झाला.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची मात्र खरी काळजी घ्या. घाम फार गेला, पाणी किंवा मीठ कमी पडलं की रक्तात लिथियम वाढतं. ४५ अंशांत वावरात जाताना मी पाण्याची कॅन सोडत नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून मीठ तोडत नाही. अंग दुखलं की मेडिकलमधून आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक आणून खायची सवय सोडा, त्यानंही लिथियम चढतं. उलट्या-हगवण लागली, हात जोरात कापायला लागले, चाल अडखळली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. मी रात्री ९ ला घेतो आणि सकाळच्या एसटीनं यवतमाळला ९ पर्यंत पोचतो. रक्तातलं लिथियमचं प्रमाण नेहमीसाठी साधारण ०.६ ते १.० (रिपोर्टवर mmol/L किंवा mEq/L) मध्ये ठेवतात. थायरॉइड आणि किडनीचीही अधूनमधून तपासणी लागते.

आणि घरच्या एका माणसाला कामाला लावा. माझी बायको कॅलेंडरच्या चौकटीत रोज माझ्या झोपेचे तास लिहिते. दोन वर्षांमागे जूनमध्ये ७, ७, ६ असं चाललेलं, मग सलग दोन दिवस ३. मला तर झकास वाटत होतं. “अहो, उद्या दवाखान्यात चला,” ती म्हणाली. थोडी कुरकुर करून गेलो. रक्त तपासलं, काही दिवसांपुरती झोपेची गोळी जोडून दिली. त्या हंगामात पंप एकच घेतला, तोही जुना खरंच बिघडला होता म्हणून.