बाळंतिणीची गोळी घड्याळावर

इंदूर

प्रिय बेटा,

एम.वाय. हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वॉर्डात लागलीस, बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, “मावशी, सिझर झालेल्या बायका पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त का कण्हतात?”

पाठीत भूल देताना बऱ्याचदा थोडं मॉर्फिनही घालतात, साधारण १०० ते १५० मायक्रोग्रॅम. हे औषध पाण्यात रमतं, चरबीत चटकन शिरत नाही, म्हणून मणक्यातल्या पाण्यात १२ ते २४ तास रेंगाळतं. तेवढा वेळ टाके गप्प. तुझी पेशंट सारखी नाक खाजवते ना, ते त्याचंच. पण त्या पाण्याबरोबर मॉर्फिन हळूहळू मेंदूकडे सरकतं आणि श्वास मंदावू शकतो, म्हणून पहिल्या रात्री श्वास मोजायचे. ती शांत झोपली असेल तर आणखी नेमाने. मग मॉर्फिन ओसरतं, आणि तोवर गोळ्या सुरू नसतील तर दुखणं एकदम अंगावर येतं.

पॅरासिटामॉल रक्तात निम्मं व्हायला दोन-तीन तास लागतात. यकृत त्याला आपले रेणू चिकटवतं आणि लघवीतून बाहेर धाडतं. डायक्लोफेनॅक, ही दुखण्यावरची दुसरी गोळी, तर त्याहून लवकर निम्मी होते. म्हणून गोळी घड्याळावर द्यायची; “दुखलं की सांगा” हे वाक्य मला आवडत नाही. आपल्या मराठी घरातली सून सासूसमोर सांगतच नाही.

हे मी चुकून शिकले. एका लहानशा नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला होते. बाई झोपली होती, म्हणून रात्रीचा डोस दिला नाही. वाटलं, दया करतेय. पहाटे बाळ रडलं तेव्हा तिला कूस वळता येईना. बाळ प्यायला लागलं की गर्भाशय आवळतं, त्या कळा वेगळ्याच. गोळी दिली, पण ती चढेपर्यंत बाई उशी चावत होती. तेव्हापासून मी उठवून गोळी देते.

घरची माणसं म्हणतील, औषध दुधात उतरतं. उतरतं, पण किती? डायक्लोफेनॅक ९९ टक्क्यांहून जास्त रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. दुधात जातं ते नाममात्र. त्यात पहिले दोन दिवस चीक येतो तोच चमचा-चमचा. डिंकाच्या लाडवाला कोणी काही म्हणत नाही, गोळीवर मात्र सगळ्यांचा डोळा!

ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनच्या जातीतलं दुखण्यावरचं औषध, त्याचं मात्र तसं नाही. यकृत त्याचं आधी जास्त जोरदार रूप बनवतं, आणि काहींच्या अंगात हे काम फार झपाट्याने होतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आयांना ट्रॅमाडॉल आणि कोडीन देऊ नका असं बजावलं. चार्टवर ते दिसलं तर डॉक्टरांना विचार, लाजू नकोस. बाळ झोपाळू वाटलं, दूध ओढत नसेल, तर डॉक्टरांना लगेच बोलाव.

बी.पी. चढलेलं, लघवी कमी, किडनीचा त्रास असेल तर डायक्लोफेनॅकच्या आधीही विचार. आणि उशीखाली बघत जा. नवरा बाहेरच्या दुकानातून सर्दीची गोळी आणून ठेवतो, तिच्यात पॅरासिटामॉल असतं. दिवसाचे सगळे मिळून ४ ग्रॅम ओलांडले की यकृताची विष जिरवायची शिदोरी संपायला लागते.

दिलेल्या डोसाची वेळ तिथल्या तिथे लिही. पहाटे चारला आपलीही आठवण दगा देते.

तुझी,
मावशी