पेट्रोलला पर्याय निवडताना आधी रनिंग मोजा

सीएनजी की हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड), हे ठरवण्याआधी रोजचे किलोमीटर लिहून काढा. पेट्रोल 105 रुपये आणि 18 चं ॲव्हरेज, सीएनजी 80 रुपये किलो आणि 25 चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरमागे अडीच-पावणेतीन रुपये वाचतात. सीएनजी मॉडेल 90 हजारांनी महाग असेल तर फरक वसूल व्हायला सुमारे 35 हजार किमी लागतात. महिन्याला 500 किमीच चालवत असाल तर नाद सोडा.

60 लिटरच्या टाकीत गॅस आठ-नऊ किलोच बसतो, डिकी जाते ती वेगळीच. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर 3 वर्षांनी करावी लागते. गाडी मिसफायर करू लागली (इंजिनात गॅस नीट पेटेना, गाडी झटके देऊ लागली) की आधी स्पार्क प्लग बघा: गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लगची गॅप वाढलेली चालत नाही.

स्ट्राँग हायब्रिडचा (जी काही अंतर नुसत्या मोटरवरही चालते) खरा फायदा ट्रॅफिकमध्ये, कारण ब्रेक मारताना बॅटरी चार्ज होते. एक्सप्रेसवेवर एकसारखं 100 ने जाताना तो घटतो. बॅटरीच्या हवेच्या जाळीसमोर सामान कोंबू नका. ‘माइल्ड हायब्रिड’, जिच्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, नुसत्या मोटरवर चालत नाही, सेल्समन काहीही म्हणो.