पिकअपच्या हौद्याचे अस्तर: 300 डॉलरचा फरक आणि कार्डावरचे व्याज

मिशिगनमध्ये आपण नुकताच वापरलेला पिकअप घेतला असून तो 8 वर्षे ठेवण्याचा आणि बागकामाच्या जोडधंद्यासाठी त्यातून विटा, खडी व लाकूड वाहण्याचा आपला विचार आहे. हौद्याला 250 डॉलरचे ड्रॉप-इन लायनर बसवावे की 550 डॉलर देऊन स्प्रे-इन करून घ्यावे, असे आपण विचारता. क्रेडिट कार्डावर 24 टक्के व्याजाने 2,000 डॉलर थकले असल्याचे आपण ओघात लिहिले आहे. माझ्या लेखी पत्रातले महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

आधी लायनरचे पाहू. ड्रॉप-इन म्हणजे हौद्याच्या मापाचे जाड प्लास्टिकचे तयार अस्तर. विटांचे दणके ते चांगले झेलते आणि पुढे काढून विकताही येते. मात्र ते हौद्याला चिकटलेले नसल्यामुळे गाडी चालताना हलते, खालचा रंग घासला जातो आणि त्या फटीत पाणी व वाळू साचते. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी लायनरखाली अडकले, तर गंज कोणाच्या नजरेस न पडता वाढत राहतो, आणि गाडी विकताना जाणते गिऱ्हाईक लायनर उचलून पाहिल्याशिवाय राहत नाही. स्प्रे-इनमध्ये पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा थर थेट पत्र्यावर बसतो, त्यामुळे खाली पाणी शिरायला जागा उरत नाही. तो उन्हाने फिका पडू शकतो आणि सहज काढता येत नाही, पण 8 वर्षे गाडी ठेवणाऱ्याला याची फारशी अडचण नाही.

म्हणून माझा कौल स्प्रे-इनला आहे. जास्तीचे 300 डॉलर 8 वर्षांत विभागले, तर वर्षाला साडेसदतीस डॉलर पडतात. परंतु हेच 550 डॉलर कार्डावर वर्षभर राहिले, तर व्याजच सुमारे 132 डॉलर होईल. तेव्हा आधी कार्ड फेडावे. तोवर हौद्यात जाड रबरी मॅट टाकावी आणि ती अधूनमधून उचलून खालचा पत्रा धुऊन कोरडा करावा.

कराच्या हिशेबात आपण प्रतिमैल ठरावीक दर लावत असाल, तर लायनरचा खर्च वेगळा दाखवता येणार नाही. प्रत्यक्ष खर्चाची पद्धत असेल, तर धंद्याच्या वापरापुरता हिस्सा धरता येतो. गाडी जुनी असल्याने, फवारणीपूर्वी गंज घासून काढण्याचे काम 550 डॉलरमध्येच धरले आहे का, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे.