पार्ट गायब असले तरी ती घडीची बोट टाकू नको

भावा, पार्ट गायब आहेत म्हणून जुनी घडीची बोट भंगारात देऊ का असं विचारलंस ना, तर ती खरंच जुनी क्लेपर (जर्मन कंपनीची सुटी करून घडी घालता येणारी बोट) असेल तर अजिबात देऊ नको, जर्मनीत रोझेनहाइमला 1907 पासून या बोटी बनायला लागल्या. आधी खोळ, म्हणजे बोटीचं बाहेरचं आवरण तपास, आतला लाकडी सांगाडा नंतर. लाकडाचे पार्ट सांगलीतला चांगला सुतार करून देईल पण खोळ कुजली असली तर सगळा खर्च वाया, म्हणून घडीच्या रेषांवर आणि शिवणीजवळ नीट दाबून बघ.

सांगाड्यातल्या गायब फासळीसाठी (खोळीला आकार देणारी आडवी चौकट) शेजारची कॉपी मारू नको, पुढं-मागं माप बदलत जातं. उरलेला सांगाडा खोळीबाहेर जोड आणि मोकळ्या जागेत पुठ्ठ्याचा साचा थोडा थोडा कापत बसव, दोन्ही बाजू सारख्या आल्या की मगच मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) कापायला दे. कडा गोल घासून घे, टोकदार कोपरा राहिला की खोळ फाटलीच समज, आणि कापलेल्या कडांना वार्निशचे हात जास्त दे कारण पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसच.

सांगाडा आत जात नसेल तर हातोडा नको, खोळ थोडा वेळ उन्हात ठेव, मऊ पडते.

पहिली टेस्ट लाइफ जॅकेट घालून, सोबत कोणीतरी घेऊन, संथ उथळ पाण्यात. कृष्णेत भिलवडी-औदुंबरकडं मगरी आहेत, तिथं नको.